३१ डिसेंबरची संध्याकाळ, दोन वाचणारी पोरं आणि "१ जानेवारीलाच का?"

पानोपानी लिहिते:

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. मुलगी ९ वर्षांची आहे, मुलगा ६ चा. दोघांनाही पुस्तकांचं प्रचंड वेड, मुलगी एकटीच तासन्‌तास वाचत बसते, मुलगा अजून अक्षरं जुळवत वाचतो पण कुणी वाचून दाखवायला बसलं की जागचा हलत नाही. आणि प्रश्नांना तर अंतच नाही. गेले काही दिवस मुलीचं एकच चाललंय, नवीन वर्ष १ जानेवारीलाच का सुरू होतं, त्या रात्री बारा वाजता आकाशात नक्की काय बदलतं, पृथ्वी कुठली रेषा ओलांडते का. मी म्हटलं आपण मिळून शोधू. तर यंदा ३१ डिसेंबरची संध्याकाळ टीव्हीसमोर न घालवता याच प्रश्नाभोवती घालवावी असं डोक्यात आहे, पुस्तकं, नकाशे, पृथ्वीचा गोल, घरात जे काही असेल ते सगळं बाहेर काढून.

दुसरं म्हणजे घरातल्या मोठ्यांचं म्हणणं आहे की मुलीला नवीन वर्षाचं टार्गेट द्या, ५० पुस्तकं वाचून झाली की सायकल. मला हे मनातून पटत नाहीये पण का पटत नाही ते त्यांना नीट सांगता येत नाही. ज्यांच्या घरी अशी पोरं आहेत किंवा जे मुलांच्या वाचनाचं काम करतात त्यांनी प्लीज सांगा, तुम्ही काय करता? आणि धाकट्याला यात कसं घ्यायचं, तो बारापर्यंत जागणार नाही हे नक्की.

---

अवकाशवेडा लिहितो:

ताई, आधी मुलीच्या प्रश्नाबद्दल बोलतो कारण फारच सुरेख प्रश्न विचारलाय तिने. खरं उत्तर असं आहे की त्या रात्री आकाशात काहीच होत नाही. पृथ्वी गोल गोल फिरतेय, त्या वाटेवर सुरुवात कुठेच नाही आणि शेवटही नाही, माणसांनी एक जागा ठरवली आणि तिथून मोजायला लागले. हे मुलांना सरळ सांगा, "असंच असतं" म्हणू नका, कारण "हे माणसांनी ठरवलंय" असं कळलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कोणी ठरवलं, कधी?

मग तुम्हाला रोमला जावं लागेल. जुन्या रोमन पद्धतीत वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, फेब्रुवारी सगळ्यात शेवटी, म्हणून तर जास्तीचा दिवस अजूनही फेब्रुवारीत येतो. इ.स.पू. १५३ पासून तिथले मुख्य अधिकारी १ जानेवारीला कारभार हातात घ्यायला लागले आणि हळूहळू तीच तारीख वर्षाची सुरुवात म्हणून रुळली. पण त्यांचं कॅलेंडर ऋतूंपासून इतकं भरकटलं होतं की ज्यूलियस सीझरला ते जागेवर आणायला इ.स.पू. ४६ हे वर्ष ताणून ४४५ दिवसांचं करावं लागलं! ४४५ दिवसांचं एक वर्ष, हे ऐकून ज्याचे डोळे मोठे होत नाहीत असं पोरगं मला अजून भेटायचंय.

आता रेषेबद्दल. पृथ्वीची सूर्याभोवतीची एक फेरी ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटं आणि साधारण ४५ सेकंदांची असते (ऋतू जागच्या जागी परत यायला लागणारा वेळ म्हणतोय मी). पृथ्वी धावते सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर. म्हणजे ३६५ दिवस संपले, घड्याळात बारा वाजले, सगळ्यांनी हॅपी न्यू इयर म्हणून झालं, तरी पृथ्वी गेल्या वेळच्या जागेपासून अजून सहा लाख किलोमीटर मागेच असते. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर लांब आहे, त्यावरून बघा. हा हिशोब तिला स्वतःला करू द्या, नऊ वर्षांची मुलगी कागद घेऊन आरामात करते.

आणि एक गोष्ट खरोखर आकाशात घडते, फक्त ती १ तारखेला नसते. जानेवारीच्या पहिल्या काही दिवसांत, साधारण २ ते ५ तारखेच्या मधे कधीतरी, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ येते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटर, आणि जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात लांब, १५.२ कोटी. ती लगेच विचारेल मग उत्तर गोलार्धात जानेवारीत थंडी कशी? तर ऋतू अंतराने होत नाहीत, पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे त्याने होतात. खोलीच्या मधोमध एक दिवा ठेवा, हातात पृथ्वीचा गोल घ्या, कल कायम एकाच भिंतीकडे ठेवून दिव्याभोवती फिरा. हे फक्त पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही, फिरावंच लागतं.

---

ग्रंथालयातली_मावशी लिहिते:

मी बरीच वर्षं मुलांच्या वाचनविभागात काम करतेय त्यामुळे सायकलवाल्या टार्गेटबद्दल आधी बोलते, राहवत नाही.

पानोपानी, तुमचं मन बरोबर सांगतंय. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या लहान मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला आधीपासूनच आवडत होतं अशी मुलं घेतली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर छान सर्टिफिकेट मिळेल, काहींना काही न सांगता नंतर अचानक दिलं आणि काहींना काहीच दिलं नाही. काही दिवसांनी वर्गात मोकळ्या वेळेत ते पेन ठेवून दिले आणि नुसतं बघत बसले. ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्र काढत होती. बक्षीस वाईट नाही हो, अचानक मिळालेल्या बक्षिसाने काही बिघडलं नव्हतं. पण जे मूल आधीच आवडीने करतंय त्याच्यापुढे "हे केलंस तर ते देईन" ठेवलं की ते काम त्या वस्तूसाठीचं होऊन बसतं. घरच्या मोठ्यांना हा प्रयोग सांगा, आणि सायकल द्यायचीच असेल तर द्या ना, फक्त पुस्तकांना बांधू नका. शिवाय ५० चा आकडा डोक्यावर असला की मुलं बारीक बारीक पुस्तकं उचलतात आणि जाडं पुस्तक, जे महिनाभर पुरलं असतं, ते कपाटातच राहतं. हे मी डोळ्यांनी बघितलंय, एकदा नाही, खूप वेळा.

त्याऐवजी एक वही करा, प्रश्नांची. प्रश्न, तारीख, आणि खाली उत्तरासाठी भरपूर कोरी जागा. उत्तर मिळालं तर कुठल्या पुस्तकात, कितव्या पानावर तेही लिहायचं. काही जागा वर्षभर कोऱ्या राहतील, राहू द्यात, त्या भरायची घाई अजिबात करू नका.

आता ३१ तारखेसाठी मुलीला देण्यासारखी एक शोधमोहीम, माझी अत्यंत आवडती. तिला सांग की न्यूटनचा जन्म कधी झाला ते दोन-तीन पुस्तकांतून शोध. एकात सापडेल २५ डिसेंबर १६४२, दुसऱ्यात ४ जानेवारी १६४३. आधी वाटतं छपाईची चूक. पण दोन्ही बरोबर आहेत! सीझरने लागू केलेल्या कॅलेंडरचं वर्ष खऱ्या वर्षापेक्षा ११ मिनिटांनी मोठं होतं, ती ११ मिनिटं साठत साठत कॅलेंडर शतकानुशतकं मागे पडत गेलं, शेवटी १५८२ मध्ये पोप तेरावा ग्रेगरी याने दुरुस्ती केली आणि ज्या देशांनी ती लगेच मानली तिथे ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर आला. इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत मानली नाही, न्यूटनचा जन्म या मधल्या काळातला, त्यामुळे इंग्लंडच्या कॅलेंडरने तो डिसेंबरात जन्मला आणि समुद्रापलीकडच्या फ्रान्सच्या कॅलेंडरने जानेवारीत. त्यातून इंग्लंडमध्ये तेव्हा सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, ते १ जानेवारीवर आणताना १७५१ हे वर्ष अवघ्या २८२ दिवसांत गुंडाळलं गेलं.

मला या शोधात जे आवडतं ते म्हणजे मुलाला पहिल्यांदा कळतं की दोन छापील पुस्तकं एकमेकांशी जुळत नसतील तर तिथे थांबायचं, तिथेच गंमत असते. आणि हो, तिला पुस्तकाच्या मागची सूची वापरायला आत्ताच शिकवा, अनुक्रमणिका सगळ्यांना माहीत असते पण मागची सूची मुलं उघडूनच बघत नाहीत. न्यूटन, कॅलेंडर, लीप वर्ष, एकेक शब्द घेऊन मागून पुढे जायचं. दहा मिनिटांत येतं आणि जन्मभर पुरतं.

---

नकाशेवाली लिहिते:

धाकट्याच्या बाराच्या प्रश्नाला एकदम सोप्पं उत्तर आहे, तुमच्या घरचे बारा वाजायची गरजच नाही. नवीन वर्ष पृथ्वीवर एका क्षणात येत नाही, सगळीकडे पोचायला एका दिवसाहून जास्त वेळ लागतो. सगळ्यात आधी पॅसिफिक महासागरातल्या किरिबाटी देशाच्या किरितिमाती बेटावर येतं, तिथलं घड्याळ ग्रीनिचच्या (लंडनमधलं ठिकाण, जगातली घड्याळं तिथल्या वेळेवरून मोजतात) १४ तास पुढे. १९९५ सालच्या सुरुवातीला त्या देशाने आपल्या पूर्वेकडच्या बेटांची तारीखच बदलून घेतली, नाहीतर एकाच देशात एकाच वेळी दोन वेगवेगळे वार चालू असायचे. मग न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, जपान असं करत करत पश्चिमेकडे. पृथ्वीचा गोल घ्या आणि मुलाला ज्या देशाचं पुस्तक आवडलंय किंवा ज्या देशातला प्राणी आवडतो त्या देशात बारा कधी वाजणार ते आपल्या घड्याळात काढा, झोपायच्या आधीची एखादी वेळ नक्की सापडेल. त्या वेळी त्या देशातली एक गोष्ट वाचायची, झालं त्याचं नवीन वर्ष साजरं, आणि त्याला काही खोटंही सांगितलेलं नाही.

मोठीला समोआची गोष्ट सांगाच. समोआ हा बेटांचा देश २०११ साली तारखेच्या रेषेच्या (पॅसिफिकमधली मानलेली रेषा, जिच्या दोन बाजूंना तारीख एका दिवसाने वेगळी असते) एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला, गुरुवार २९ डिसेंबरनंतर लोक झोपले आणि उठले ते शनिवारी ३१ डिसेंबरला. ३० डिसेंबर तिथे झालाच नाही, ज्यांचा वाढदिवस होता त्यांचाही नाही. आणि शेजारचं अमेरिकन समोआ, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, त्याने काही बदललं नाही, म्हणून आता दोघांत अख्ख्या एका दिवसाचं अंतर. समोआत नवीन वर्ष येऊन दिवस उलटतो तेव्हा कुठे अमेरिकन समोआत बारा वाजतात.

नेपाळचं घड्याळ ग्रीनिचच्या पावणेसहा तास पुढे आहे, हा पाऊण कुठून आला तेही शोधायला द्या.

---

दोन_मुलांचा_बाबा लिहितो:

मावशींशी बऱ्याच अंशी सहमत, पण टार्गेट म्हणजे सरसकट वाईट असं मला वाटत नाही. माझ्या मोठ्याला यादी करायला मनापासून आवडतं, वाचलेल्या पुस्तकांची नावं लिहितो, मोजतो, महिन्याच्या शेवटी मागचा आकडा बघतो, त्यात त्याला खरा आनंद आहे आणि हे त्याला कुणी करायला लावलेलं नाही. फरक एवढाच की आकडा त्याचा आहे, आमचा नाही, आणि पूर्ण झाला काय नाही झाला काय, घरात कुणी विषय काढत नाही. तर मुलीलाच विचारा की तुला नवीन वर्षात काय करायचंय, ती जर आकडा बोलली तर बोलू द्या. आमची धाकटी म्हणाली होती की तिला "समुद्राच्या तळाबद्दलचं सगळं" वाचायचंय. हे काय मोजणार? पण वर्षभर ती त्याच विषयाला चिकटून होती.

अजून एक, १ जानेवारीला मोठ्यांनीही वाचत बसा. पोरांना वाच म्हणायचं आणि आपण फोनमध्ये डोकं घालायचं याने काहीही होत नाही. आम्ही त्या सकाळी सगळे आपापलं पुस्तक घेऊन एकाच खोलीत बसतो, कुणी कुणाला काही विचारत नाही, ज्याला काही मस्त सापडलं तो मोठ्याने वाचून दाखवतो. बस्स.

---

पानोपानी लिहिते:

बाप रे, किती छान छान लिहिलंत सगळ्यांनी! न्यूटनची तारीख मलाही माहीत नव्हती, ती मोहीम नक्की. मोठ्यांना तो १९७३ चा प्रयोग सांगितला, जरा विचारात पडलेत, सायकल "अशीच" मिळायची शक्यता दिसतेय.

नकाशाची आयडिया धाकट्याला सांगितली तर त्याने दोन गोष्टी विचारल्या. एक, जुनं वर्ष कुठे जातं. दोन, अंतराळात राहणारी माणसं कुठल्या देशाचे बारा धरतात. दुसऱ्याचं उत्तर कुणाला माहीत असेल तर सांगा, पहिल्याचं काय सांगू तेही सांगा. आणि तो एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचायला लावतो, नवीन वर्षात नवीन पुस्तक घेऊ म्हटलं तर "तेच वाच". हे ठीक आहे का?

---

अवकाशवेडा लिहितो:

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ग्रीनिचची वेळ चालते, तिथे वेगवेगळ्या देशांची माणसं एकत्र असतात त्यामुळे एक समान घड्याळ लागतंच. पण धाकट्याला खरी मजा पुढे येईल, ते स्थानक साधारण दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं, म्हणजे २४ तासांत सूर्य जवळपास १६ वेळा उगवतो. ३१ डिसेंबर ज्या भागात चालू आहे आणि १ जानेवारी जिथे लागलाय अशा दोन्ही भागांवरून ते लोक पुन्हा पुन्हा जात असतात. वर बघून हात करायला सांगा त्याला, संध्याकाळी किंवा पहाटे स्थानक डोक्यावरून जात असेल तर नुसत्या डोळ्यांनी दिसतं, तेजस्वी ठिपका, लुकलुकत नाही, सरळ सरकत जातो.

अजून एक खेळ, इतर ग्रहांवरचं वय. मंगळाचं वर्ष आपल्या ६८७ दिवसांचं, म्हणजे तुमची नऊ वर्षांची तिथे अजून पाचचीही झाली नसती. बुधाचं ८८ दिवसांचं, तिथे ती ३७ ची! नेपच्यूनला एक फेरी मारायला साधारण १६५ वर्षं लागतात, तिथे पहिला वाढदिवस कुणालाच बघायला मिळत नाही. शुक्राचा स्वतःभोवतीचा एक फेरा २४३ दिवसांचा आणि वर्ष २२५ दिवसांचं, ह्यावर आमच्याकडे अख्खा रविवार गेला होता.

---

ग्रंथालयातली_मावशी लिहिते:

तेच पुस्तक पुन्हा? अगदी ठीक, उत्तम आहे. लहान मुलांवर झालेल्या अभ्यासांत दिसलंय की वेगवेगळ्या गोष्टींमधून येणारे नवे शब्द मुलांच्या लक्षात राहतात त्यापेक्षा एकच गोष्ट परत परत ऐकताना आलेले जास्त पक्के बसतात. आणि प्रत्येक खेपेला तो वेगळं काहीतरी बघत असतो, आधी गोष्ट, मग चित्रातला कोपरा, मग "हा असं का म्हणाला". तुम्ही फक्त वाचता वाचता मधे थांबा आणि हो-नाही उत्तर येणार नाही असं काहीतरी विचारा, "आता हा काय करेल?" "तू असतास तर?" मग तो जे बोलेल त्याला एखादा शब्द जोडून परत त्यालाच सांगा. १९८० च्या दशकात व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दोन-तीन वर्षांच्या मुलांसोबत करून बघितलं होतं, आई-वडिलांनी महिनाभर असं वाचलं तर मुलांच्या बोलण्यात फरक पडला. नवीन पुस्तक आणा पण जुन्याच्या शेजारी नुसतं ठेवून द्या, त्याला वाटेल तेव्हा हात लावेल.

जुनं वर्ष कुठे जातं, याचं उत्तर तुम्ही देऊच नका हो. त्यालाच विचारा, तुला काय वाटतं, आणि तो जे सांगेल ते शब्द न बदलता वहीत उतरवून घ्या, सहा वर्षांच्या मुलाला एवढं सगळं लिहिता येत नाही पण सांगता येतं, आणि आपण बोललेलं कागदावर उमटताना बघणं हे वाचनाकडे नेणारं फार मोठं पाऊल असतं. खाली नाव आणि तारीख घालून त्याला परत वाचून दाखवा. मग हवं तर झाडाच्या कापलेल्या खोडावरची वर्तुळं दाखवा. जिथे उन्हाळा-हिवाळा स्पष्ट वेगळे असतात तिथल्या झाडात दरवर्षी एक वर्तुळ वाढतं, पाणी भरपूर मिळालं तर बहुतेक वेळा रुंद, दुष्काळ असला तर अरुंद. काही वर्षं कुठे जातात ते निदान तिथे बोट ठेवून दाखवता येतं.

---

आकडेमोड लिहितो:

उशिरा आलो पण गणित कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. मुलीला विचारा, १ जानेवारीला जो वार असतो तोच ३१ डिसेंबरला का येतो? ३६५ ला ७ ने भागलं की ५२ आठवडे आणि १ दिवस उरतो, तो उरलेला एक दिवस म्हणजेच ३१ डिसेंबर. लीप वर्षात दोन उरतात त्यामुळे तिथे वार एक पुढे सरकतो. इथून पुढे ती स्वतः शोधू शकते की वर्षाची कॅलेंडरं एकूण किती प्रकारची असू शकतात. सुरुवातीचे वार सात, साधं किंवा लीप असे दोन प्रकार, म्हणजे फक्त १४. आपल्या आजच्या कॅलेंडरची सगळी वर्षं या १४ त बसतात!

त्यामुळे जुनी कॅलेंडरं टाकू नका. २०२६ चे वार हुबेहूब २०१५ सारखे आहेत, २०२७ चे २०२१ सारखे. घरात कुठे जुनं कॅलेंडर सापडलं तर त्याचं जुळं वर्ष पुढे कधी येणार ते तिला काढू द्या. दर ११ वर्षांनी येतं असं तिला वाटेल, मग ६ वर्षांनीही येताना दिसेल, मग नियम शोधायला बसेल.

आणि एक युक्ती, ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर, १२ डिसेंबर हे पाचही दिवस कुठल्याही वर्षी एकाच वारी येतात. २०२६ मध्ये पाचही शनिवारी. का, ते सांगू नका. कॅलेंडर आणि पेन्सिल द्या, दोन तारखांमधले दिवस मोजायला सांगा, ६३ येतील, पुढचं ती बघून घेईल. लीप वर्षाचा नियमही त्याच बैठकीत होऊन जाईल, चारने भाग जातो ते लीप, पण शतकाचं वर्ष असेल तर ४०० ने जायला हवा, म्हणून २००० होतं, १९०० नव्हतं, २१०० नसेल. मावशींनी वर सांगितलेली ती साठत जाणारी ११ मिनिटं याच नियमाने आवरली. ४०० वर्षांत १०० ऐवजी ९७ लीप वर्षं. तिला म्हणावं तीन कमी केल्याने दरवर्षी किती मिनिटं वाचतात तेवढं काढ, ४०० वर्षांत तीन दिवस, भागाकारच आहे.